तीन बोटं

"तुमचीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला बघू," चिपळूणच्या दातांच्या डॉक्टर काकाला म्हणाल्या. दोन गेली, तीही ओढूनताणून. दोन वर्षं हा आमटी तिखट झाली म्हणून काकूवर चिडत होता. आमटी तिखट नव्हतीच.

आमचं घर गुहागरला. घरामागे वाडी, वाडीमागे सुरूचं बन, मग समुद्र. वाडीत नारळ आणि पोफळी. दिवाळीनंतर खळ्यात सुपारी वाळत पडते. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या खळ्यातूनच आली. काका तंबाखूला शिवत नाही, याचा त्याला अभिमान. "मी नुसती सुपारी खातो, तीही घरची." कमरेला चंची, चंचीत अडकित्ता.

पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सांगून ठेवलंय की तंबाखू नसली तरी सुपारी माणसात कर्करोग घडवते. खिशातला 'तंबाखूविरहित' पानमसालाही त्यातच आला.

काकाच्या दुखण्याचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीतलं अरेकोलिन गालातल्या पेशींना जास्तीचं कोलॅजेन बनवायला लावतं, सुपारीतलंच तांबं ते धागे घट्ट बांधायला मदत करतं. गाल सुंभासारखा ताठ होतो. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून तुकडा तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री मी ओटीवर बसून वाचत होतो. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर साधारण ४० ते ६० वेळा दुभंगतात आणि थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, ते दर वेळी थोडे झिजतात. फार झिजले की पेशी दुभंगणं सोडते. मी कोड लिहितो तेव्हा 'पुन्हा प्रयत्न कर' याला मर्यादा घालतोच, नाहीतर एक चूक सगळा सर्व्हर खाते. पेशीचं म्हातारपण मी बिघाड समजत होतो; ते कुंपण निघालं.

कर्करोगाची पेशी हे कुंपण ओलांडते. पी५३सारखी 'थांब' म्हणणारी जनुकं निकामी होतात, आणि टेलोमिअर पुन्हा लांबवणारं टेलोमरेज बहुतेक कर्करोगांत जागं सापडतं. १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या. त्या बाई त्याच वर्षी गेल्या, पेशी आजही वाढतायत. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे याच गे यांच्याकडे पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या, आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्याची प्रयोगशाळा उभारायला त्यांनी मोठा हातभार लावला.

म्हणजे थांबलेल्या पेशी चांगल्या, असं म्हणून मी फोन ठेवणार होतो. तर पुढे वाचलं, की या आजारात गालातल्या धागे विणणाऱ्या पेशी वेळेआधीच म्हाताऱ्या होतात. दुभंगत नाहीत, पण गप्पही बसत नाहीत. त्यांच्यातून असे पदार्थ झिरपतात, की शेजारच्या पेशींना बिघडायला वाट मिळू शकते. कुंपणच किडायला लागतं.

रिपोर्ट आला. कर्करोग नाही. सुपारी कायमची बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आलेला ताठपणा सुपारी सोडल्याने आपोआप जात नाही, म्हणून काका रोज आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरतो आणि आठवड्याला एखादी वाढवतो. चंची खुंटीला टांगली आहे.

तुमच्या घरात कुणी सुपारी खात असेल, तर आज त्यांना तीन बोटं घालून बघायला सांगा. एक मिनिट लागतं.

एका संध्याकाळी काका काड्या काढून खळ्याकडे बघत म्हणाला, "मी सोडली रे. पण ही आपण विकतो ती कोण खातं?"

दोन आठवडे घरातल्या प्रत्येकाला मीच सगळं समजावत होतो. याला मला उत्तर देता आलं नाही.

सकाळी पाडेली आला. काका त्याला घेऊन वाडीत गेला. मी खळं झाडायला घेतलं.