दाढेतली चांदी

सोलापुरातली लक्ष्मी-विष्णू मिल चालू होती तेव्हापासून ती मामांच्या खालच्या उजव्या दाढेत मुक्कामाला आहे. मिल बंद पडली, शेजारच्या दोन दाढा गेल्या, ही हलली नाही. सगळे तिला चांदी म्हणतात. खरं तर ती निम्मी पारा. उरलेल्या निम्म्यात चांदीचा वाटा मोठा, मग कथील, थोडं तांबं, कधी चिमूटभर जस्त. जुने दाताचे डॉक्टर या धातूंचा चुरा पाऱ्याबरोबर खलात घोटायचे, जादा पारा कापडातून पिळून काढायचे आणि तो लगदा दाढेत ठासायचे. ठासताना तो करकरायचा. ‘आज या बाजूनं चावू नका,’ असं बजावून पेशंटला घरी धाडायचे, कारण पहिल्या तासाभरात ती अगदीच लेचीपेची असते. ताकद धरायला दिवस जातो.

आता ती काळी ठिक्कर पडलीय. मामी म्हणतात, ‘सडली.’ हा तिच्यावर अन्याय आहे. सोलापुरात राहायचं म्हणजे रोजची शेंगाचटणी आली, तिच्यात लसूण आला, तोंडी लावायला कांदा आला. त्यांतल्या गंधकानं देव्हाऱ्यातल्या चांदीच्या निरांजनावर चढतो तसाच काळा थर हिच्यावर चढलाय. तो वरवरचा. ताकद त्यानं तसूभरही घटत नाही.

दुखणं आत आहे. कथील आणि पारा यांचं जे संयुग तिच्यात तयार होतं, ते सगळ्यांत कच्चं. शास्त्रज्ञ त्याला गॅमा-२ म्हणतात. लाळेतलं आणि जेवणातलं मीठ नेमकं त्यालाच गाठतं. त्यातही काठाच्या फटीत, जिथं अन्न अडकतं आणि प्राणवायू कमी पोचतो, तिथं जास्त. कथील गंजून बाहेर पडतं. मोकळा झालेला पारा काही गप्प बसत नाही. घोटताना विरघळायचे राहिलेले चांदी-कथिलाचे कण शोधून त्यांना भिडतो. चांदी फुगते, काठ दाढेच्या आधारावरून किंचित वर उचलला जातो. आणि बाईंचा स्वभाव असा की दाब वाटेल तेवढा सोसतील, ताण मात्र अजिबात नाही. अधांतरी काठावर कडक भाकरीचा तुकडा आला की कट्! टवका उडतो. बोल भाकरीला लागतो; गंजानं काम आधीच उरकून ठेवलेलं असतं.

गंमत म्हणजे हाच गंज तिचा राखणदारही आहे. चांदी दाढेला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. मध्ये बारीक फट राहतेच. गंजाचा मळ हळूहळू त्या फटीत साचतो आणि ती बुजते. म्हणून ताजी भरलेली चांदी झिरपते, मुरलेली झिरपत नाही. पुढे 1963 मध्ये कॅनडात इनेस आणि युडेलिस यांनी तांबं वाढवून पाहिलं. कथील पाऱ्याऐवजी तांब्याशी जुळलं आणि गॅमा-२ जवळपास नाहीसा झाला. ही नवी चांदी कमी गंजते, काठ राखते. फट बुजायला मात्र तिला जास्त वेळ लागतो. मामांची जुन्या वळणाची.

तापटही आहे. चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा कपटा चुकून तिच्याखाली आला, तर लाळेच्या साक्षीनं दोन धातूंची बॅटरी होते आणि मामा गाल धरून बसतात.

युरोपीय संघानं 1 जानेवारी 2025 पासून, मोजके अपवाद सोडून, तिला दारं बंद केली. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार भारतानंही 2018 मध्ये कायम केलाय. सोलापुरातही आता दाताच्याच रंगाचं सिमेंट पुढे केलं जातं. परवा तरुण डॉक्टरीणबाईंनी काठावरून टोचणी फिरवली. चर लागला, पण खाली कीड नव्हती. “थोडं घासून गुळगुळीत करू या. उगाच उकरायला नको,” त्या म्हणाल्या.

मामांचं लक्ष सराफ बाजाराकडे. “मॅडम, काढलीच तर चांदी आम्हाला परत द्यायची का तुम्ही? भाव कुठल्या कुठं गेलाय.”

“निम्मा पारा आहे, काका. झाकणबंद बरणीत ठेवावी लागेल, घरी नाही देता येणार.”

“मग असू द्या की तिथंच,” मामा म्हणाले आणि चूळ भरायला वाकले.