डोळ्यांत ड्रॉप घालून...

नागपुरात दोनच ऋतू असतात, उन्हाळा आणि कडक उन्हाळा. हा जोक आपण पुण्या-मुंबईच्या मित्रांना ऐकवून ऐकवून पार शिळा केलाय. त्यात आता माझी एक भर. नागपूरचे नकाशेही दोन असतात. एक तुमचा-आमचा, म्हणजे बर्डी, धरमपेठ, सदर, इतवारी असा. आणि दुसरा कोरड्या डोळ्यांचा! या दुसऱ्या नकाशात सिव्हिल लाइन्स म्हणजे स्वर्ग, रिंग रोड म्हणजे शिक्षा आणि फुटाळ्याची संध्याकाळ म्हणजे जरा विचार करून घ्यायचा निर्णय.

लेसर करून चष्मा घालवला, त्याला दीड वर्ष झालं. सातवीपासून नाकावर बसलेला साडेपाचचा नंबर गेला. दुखणं मात्र राहिलं. आणि त्या दुखण्यानं मला माझंच शहर पुन्हा एकदा, पहिल्यापासून फिरवलं.

झिरो माइलवरचा आनंद

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. ऑपरेशन डिसेंबरातलं. दोन्ही डोळ्यांचं मिळून अर्धा तासही लागला नाही. आठवड्याभरानं मी मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून झिरो माइलला गेले. तो वाळूच्या दगडाचा खांब, ते चार घोडे... आयुष्यभर येता-जाता पाहिलेले. पण खांबावर कोरलेली गावांची नावं, जबलपूर, छिंदवाडा, हैदराबाद, चष्म्याशिवाय वाचायची ही पहिलीच वेळ. मी तिथे उभी राहून मोठ्यानं वाचत होते आणि मैत्रीण म्हणत होती, ‘‘चल ना बाई, लोक पाहून राहिले!’’

पहिले काही दिवस चुरचुरेल, हे सांगितलेलं होतं. तसं ते चुरचुरलं. पण फेब्रुवारी उजाडला तरी सकाळी डोळे उघडताना पापणीखाली वाळूचा कण असल्यासारखं वाटायचं. दुपारी कॉम्प्युटरसमोर जळजळ. संध्याकाळी कपाळ आणि कानशिलं ठणकायची. रात्री वेस्ट हायकोर्ट रोडवर समोरच्या प्रत्येक हेडलाइटला काटे फुटलेले. दिवाळीत छान दिसलं असतं, एरवी गाडी चालवताना नाही.

आणि मग मार्च आला.

फक्त डोळे उघडे

नागपूरकर उन्हाशी कसा लढतो, हे जगाला शिकवण्यासारखं आहे. खिशात कांदा, पोटात कैरीचं पन्हं, डोक्याला दुपट्टा. आपल्याकडच्या मुली गाडीवर निघताना असा स्कार्फ बांधतात की सख्ख्या आईनं ओळखू नये. हात झाकलेले, मान झाकलेली, चेहरा झाकलेला. उघडं काय राहतं? डोळे! अख्खं शहर जे उघडं ठेवतं, नेमकं तेच माझं दुखत होतं.

आपलं ऊन काही साधंसुधं नाही. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ३० मे २०२४ ला तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. तो सेन्सरचा बिघाड होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. (आपल्यापैकी अनेकांचा त्या खुलाशावर आजही विश्वास नाही, तो भाग वेगळा.) पण डोळ्याला पाऱ्यापेक्षा जास्त छळतो तो हवेचा कोरडेपणा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मेच्या दुपारी हवेत ओल अशी उरतच नाही. दोरीवरचं जीन्स तासाभरात वाळतं, तिथे डोळ्यावरच्या अश्रूंच्या पातळ थराची काय कथा!

त्यात आपले सिमेंट रोड. डांबरी रस्ता ऊन पिऊन टाकतो, सिमेंटचा ते परत तोंडावर फेकतो. दुपारी दोन वाजता त्या पांढऱ्या पट्ट्यावरून जाताना वरून एक सूर्य आणि खालून एक. सिग्नलवर माझ्या डोळ्यांतून धारा लागायच्या. एकदा ऑटोवाल्या काकांनी आरशातून पाहून काळजीनं विचारलं, ‘‘काऊन ताई, कोणी काही म्हटलं का तुम्हाले?’’ मी म्हटलं, ‘‘नाही हो काका, डोळे कोरडे पडलेत.’’ त्यावर ते जे हसले!

पण हे खरं आहे. डोळ्यातून पाणी येतं म्हणजे डोळा ओला आहे, असं नाही. रोजचा जो अश्रूंचा थर असतो त्यात पाणी असतं, तेल असतं, चिकटपणा असतो. डोळा फार कोरडा पडून चिडला की तो घाबरून नुसतं पाणी सोडतो. साओजी रस्सा खाताना येतं ना, तसलंच. गालावर ओघळतं, डोळ्याला काही उपयोग नाही.

एक टर्की आणि हजार तारा

हे होतं कसं, ते समजून घ्यायला मी माझ्या धंद्याची सवय वापरली, म्हणजे दिसेल ते वाचत सुटले. या लेसरच्या मुळाशी एक आपला माणूस आहे. चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत असताना १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा एक्सायमर लेसरखाली धरला. आजूबाजूला काहीही न भाजता एकदम स्वच्छ खाच पडली. तिथून ही कल्पना डोळ्यापर्यंत पोचली.

कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची काच, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. लॅसिकमध्ये तिच्यावरचा एक पातळ फ्लॅप उचलतात, खाली लेसरनं आकार देतात आणि फ्लॅप परत बसवतात. काम सुंदरच. पण कॉर्निया हा शरीरातल्या सगळ्यात संवेदनशील भागांपैकी एक. त्यात बारीक नसांचं जाळं असतं आणि फ्लॅप कापताना त्या नसाही कापल्या जातात. ‘कोरडं पडतंय, पापणी मिट, अश्रू सोड’ हा निरोप याच नसा देतात. निरोप्याच रजेवर गेला तर पापण्या कमी मिटतात आणि अश्रू कमी येतात. नसा पुन्हा वाढतात, पण महिने लागतात, कधी वर्षं. बहुतेकांचा त्रास सहा महिन्यांत ते वर्षभरात ओसरतो. काहींच्या नसा वाढताना बिघडतात आणि कारण नसताना दुखण्याचे निरोप पाठवत राहतात. याला न्यूरोपॅथिक वेदना म्हणतात. डोळ्याची हीच नस कपाळाचीही खबर मेंदूला देते, म्हणून ठणका डोळ्यापुरता थांबत नाही.

डोकेदुखीचं आणखी एक कारण आपल्या ऑफिसातलं आहे. मायनस नंबरवाला चष्मा काढून जवळचं वाचतो तेव्हा डोळ्याच्या स्नायूंना फार कष्ट नसतात. नंबर गेला की ती मेहनत त्यांच्यावर येते. दहा तास स्क्रीन, त्यात पापण्या मिटण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली. आणि नंबर जरासा प्लसकडे झुकला असेल तर विचारूच नका.

‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’

या सगळ्यात सगळ्यात जास्त दुखलं ते हे वाक्य. मी तीन ठिकाणी दाखवलं. सहा बाय सहा दिसतंय, डाग नाही, जखम नाही, मग तक्रार कसली? एका ठिकाणी तर ‘फार विचार करता तुम्ही’ असंही ऐकलं. घरी आई म्हणायची, ‘‘मोबाइल कमी कर.’’ मी एका मासिकाचं मोठं काम सोडलं, कारण रोज रात्री नऊनंतर स्क्रीनकडे बघवेना. न दिसणाऱ्या दुखण्याचा पुरावा कुठून आणायचा?

चौथ्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास दिला. अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते मोजलं. पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी पाहिल्या. मग बधिर करणारा एक थेंब घातला आणि विचारलं, आता दुखतंय? जळजळ बरीचशी गेली, कपाळाचा ठणका राहिला. त्या म्हणाल्या, म्हणजे काही त्रास डोळ्याच्या पृष्ठभागावरचा आहे, काही आतल्या नसांचा. दोन्हींचे उपाय वेगळे. (हा थेंब फक्त तपासणीपुरता. घरी वापरला तर कॉर्निया खराब होते.) ‘‘रिपोर्ट नॉर्मल असले तरी दुखू शकतं,’’ असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. तेलासकट असावं!

नागपुरी पथ्य

आता माझा दुसरा नकाशा, रेडीमेड घ्या.

सकाळी सातच्या आत सेमिनरी हिल्स. झाडी, सावली, धूळ कमी. सिव्हिल लाइन्समधून जाणारा लांबचा रस्ता जवळच्या सिमेंट रोडपेक्षा बरा, पाच मिनिटं जास्त लागली तरी. फुटाळ्यावर वारा असेल तर पाण्याकडे पाठ करून बसायचं, कणीस तसंही लागतं छान. मेट्रो उन्हातून वाचवते, पण एसीच्या झोताखालची सीट सोडायची. बाजूनंही झाकणारा गॉगल घ्यायचा, फॅशन गेली खड्ड्यात.

घरी कूलर की एसी? एसी हवा कोरडी करतो, वाळ्याच्या ताट्यांचा आपला कूलर ओल देतो. पण कूलरच्या थेट झोतात तोंड देऊन झोपलात की सगळं मुसळ केरात. झोत भिंतीकडे वळवा.

ड्रॉप्स प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या एकेक कुपीतले. दिवसातून बरेचदा घालायचे असतील तर हा फरक मोठा असतो. आणि ते गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेमध्ये तिथे काय शिजतं ते आपल्याला माहीत आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहायचं. पापण्यांना रोज कोमट शेक. स्टिरॉइडचे ड्रॉप्स मेडिकलमधून मनानं आणायचे नाहीत, त्यानं डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि लेसरनंतर कॉर्निया पातळ झाल्यानं तो दाब मशीनवर कमी दिसतो. एकदम लाली, जोरात दुखणं, धूसर दिसणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. यापुढच्या पायऱ्याही आहेत. स्वतःच्याच रक्तातल्या सीरमचे ड्रॉप्स, नसांच्या दुखण्याच्या गोळ्या. मला गोळीची पायरी लागली. रात्री एक, कमी डोसची.

दुसरा उन्हाळा पहिल्यापेक्षा बरा गेला. रोजचा ठणका आठवड्यातून दोनदावर आला. पूर्ण गेला, असं म्हणणार नाही. पण सोडलेल्या कामासारखं एक काम मी परत घेतलंय, संध्याकाळी सहानंतर स्क्रीन बंद या अटीवर.

ताई, करू का?

हे सगळं लिहायचं कारण माझी मावसबहीण. मिहानमध्ये आयटीत आहे, चोवीस वर्षांची, नंबर तीन. घरात स्थळं बघणं सुरू झालंय आणि बायोडेटातल्या ‘चष्मा’ या रकान्यावर मावशीचा जीव अडकलाय. मेमध्ये सुट्टी टाकून लेसर करायचं ठरत होतं. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, ‘‘ताई, करू का?’’

नाही म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं झालं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या पुढाकारानं ५७४ लोकांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी जवळपास २८ टक्क्यांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता. आणि त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर खूश होते. दोन्ही आकडे खरे. माझ्यात तर दोन्ही आकडे एकाच वेळी राहतात. पहाटे घड्याळ दिसतं तेव्हा आनंद होतो, दुपारी ठणकतं तेव्हा नाही.

म्हणून मी तिला उत्तर न देता प्रश्न दिले. नंबर वर्षभर स्थिर आहे का? कॉर्नियाची जाडी आणि नकाशा काढला का? अश्रूंची तपासणी झाली का? कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीआधी पुरेसे दिवस बंद ठेवल्या का? मायग्रेन किंवा अंगदुखीचा जुना त्रास आहे का? नंतर दुखलं तर कोण पाहणार आणि किती महिने? आणि मेमध्येच कशाला, पावसाळ्यात हवा ओली असते.

ती कागद घेऊन गेली. तिचा अश्रूंचा थर फार लवकर तुटत होता. तीन वर्षं लेन्स घालून बारा तास एसीत बसण्याचं फळ. डॉक्टरांनी आधी तीन महिने कोरडेपणाचा इलाज सांगितला, मग पुन्हा तपासणी, मग ठरवू.

मावशी थोडी फुगली. बहिणीनं बायोडेटासाठी नवा फोटो काढला, चष्म्यातला, नव्या फ्रेमचा. रकान्यात तिनं लिहिलंय : चष्मा - हो. पहिलं स्थळ भेटायला आलं, तर मुलाचा नंबर साडेचार!