म्हादईच्या माहेरची पाकोळी

डिचोली तालुक्यातले आमोणे म्हटले की आधी आठवतो तो बेताळ आणि मग मांडवी. गावाच्या काठाशी नदी चांगली ऐसपैस झालेली आहे. पलीकडे खांडोळा. पण तिचे माहेर आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

ते आहे खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात. देगावजवळ म्हादई उगम पावते, सत्तरीतून खाली येते आणि मांडवी होते. त्याच जंगलात तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. तिथे एक दुर्मीळ पाकोळी, म्हणजे कीटक खाणारे छोटे वटवाघूळ, राहते. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने तिची जगाला ओळख करून दिली आणि रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव तिला दिले. मोठाले कान, लांब अरुंद पंख, शेपटीचे टोक मोकळे. पुढे बरीच दशके साऱ्या जगात तिचा हा एकच पत्ता ठाऊक होता. अलीकडे मेघालयात आणि कंबोडियातही ती सापडली.

तिच्या गरजा तशा थोड्याच. छतातल्या कपारी, काळोख, दमट हवा आणि बाहेर कीटकांनी भरलेले रान. शिवाय शांतता. बहुतेक वटवाघळांची मादी एका खेपेस एकच पिल्लू देते. विजेरीचा झोत, धूर, आरडाओरडा यांनी थवा बिथरला की पिल्ले खाली पडतात, कधी सारी वस्तीच गुहा सोडते. दुसरी गुहा काही जंगलात बांधून देता येत नाही!

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी ठरवली होती. हिला मात्र पुढे वाघाच्या पंगतीत, पहिल्या अनुसूचीत बसवले गेले. डिसेंबर २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले आणि भोवतालच्या रानालाही संरक्षण मिळाले. तेच रान पावसाचे पाणी धरून ठेवते आणि आमोण्यापर्यंत पोचवते.

मी तळेवाडीपर्यंत जाऊन आलो. गुहेत शिरलो नाही. वर्गात मुलांनी विचारले, "सर, मग बघितलं काय?" म्हटले, "तिचं अंगण बघितलं."

वाचकहो, भीमगडला जरूर जा, वन खात्याची परवानगी काढून, पायवाटेने. नदीचे उगमस्थान पाहा. तेवढी एक गुहा मात्र न पाहताच परत या. पाकोळीला आपल्याकडून एवढेच हवे आहे.