पायांस विसांवा, डोळ्यांस नव्हे

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे घरच्या मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष त्यावर सर्वस्वीं विसंबतो; दुसरा त्यास हातही लावूं देत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबांत नवी मोटार आली, तेव्हां हेंच घडलें. तींत ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ नांवाची सोय आहे. चालकानें एकदां वेग ठरवून दिला कीं मोटार तो आपण होऊन राखते. पुढील वाहन मंदावलें तर आपणही मंदावते, आणि वाट मोकळी होतांच पुन्हां ठरविलेला वेग धरते. आमचा पुतण्या तिच्यावर बेहद्द खूष. मातोश्रींचें म्हणणें मात्र असें कीं, “जी गाडी माणसाला विचारीत नाहीं, तींत मी बसावयाची नाहीं.”

दोन्ही पक्षांत तथ्य दिसल्यामुळें आम्हीं या सोयीची माहिती मिळविली. तिचा मूळ कल्पक राल्फ टीटर हा अमेरिकन इंजिनियर बालपणापासून अंध होता. त्याचा वकील मोटार हांकतांना बोलण्याच्या नादांत वेग सारखा कमीजास्त करी. त्या हिसक्यांनीं त्रासून टीटरला ही युक्ति सुचली, असें सांगतात. १९५० सालीं त्यास पेटंट मिळालें व १९५८ च्या क्रायस्लर इंपीरियल मोटारींत तें यंत्र आलें. परंतु तें केवळ वेग राखी. पुढें कोण आहे याची त्यास दाद नसे. १९९९ सालीं मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारींत त्यास रडारची जोड मिळाली.

रडारच्या लहरी पुढील वाहनावर आदळून परततात, व त्यांवरून अंतर आणि वेग यांचें गणित होतें. तथापि लहरी खांब, फलक, पुलांच्या कमानी यांवरूनही परततात. त्या प्रत्येकासाठीं मोटार थबकूं लागली तर प्रवासच खुंटेल. म्हणून पुष्कळ यंत्रें भरवेगांत असतांना अचल वस्तूंकडे काणाडोळा करतात. वळणावर पुढचें वाहन त्यांच्या टप्प्याबाहेर जातें. दुचाकी कधीं कधीं सुटते. मुसळधार पावसांत किंवा रडारवर चिखल बसला असतां त्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं.

हें सर्व ध्यानांत घेऊन आम्हीं घरांत चार नियम ठरविले. घाटांत, गर्दींत व पावसांत ही सोय बंद. अंतर सर्वांत लांबचें ठेवावयाचें. कारण ताशीं १०० किलोमीटर वेगाच्या मोटारीचे एका सेकंदांत सुमारें २८ मीटर सरतात. महामार्ग सोडण्यापूर्वीं ती बंद करावयाची, नाहीं तर वाट मोकळी दिसून मोटार वळणावरच वेग घेईल. आणि पाय ब्रेकपाशीं, नजर रस्त्यावर. या अटींवर मातोश्री मोटारींत बसण्यास राजी झाल्या.

पुढें हिवाळ्यांत एका लग्नानिमित्त आम्ही समृद्धी महामार्गानें नागपुरास निघालों. मुंबईपासून ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता जून २०२५ मध्यें संपूर्ण खुला झाला. तो इतका सरळ व एकसारखा आहे कीं चालकास करण्याजोगें फारसें उरत नाहीं, आणि गुंगी येते ती त्यामुळेंच. वेग १०० चा ठरविलेला होता, परंतु पुढील ट्रकामागें मोटार ऐंशीनें चालली होती. त्या ट्रकानें एकाएकीं बाजूची मार्गिका धरली, आणि त्याच्या आडचा, बंद पडलेला दुसरा ट्रक समोर उभा दिसला. मोटारीच्या लेखीं वाट मोकळी झाली होती. ती वेग घेऊं लागली. पुतण्याचा पाय ब्रेकवर तयारच होता. आम्ही बऱ्याच अंतरावर थांबलों. मागें मातोश्री, वहिनी व दोन लहान मुलें निजलीं होतीं. त्यांस जाग आली, एवढेंच.

एकत्र कुटुंबांत कामें वांटून दिलेलीं असतात. स्वयंपाकास बाई असली तरी निजण्यापूर्वीं गॅस बंद आहे कीं नाहीं हें गृहिणी स्वतः पाहते. तींत बाईवर अविश्वास नसतो. घर आपलें आहे, ही जाणीव असते. मोटारींतील या सोयीशीं आमचें वर्तन असेंच असावें. तिनें लांबच्या प्रवासांत पायाचे श्रम खरोखरच वांचतात, आणि तेवढें काम तिला खुशाल द्यावें. मागें निजलेल्या माणसांची राखण मात्र चालकाकडेच राहिली पाहिजे.