छेदणाऱ्या धावपट्ट्यांचा विमानतळ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या, तरी वापराच्या दृष्टीने तो एका धावपट्टीचाच विमानतळ आहे. त्याची वाढ कशी झाली, तिथल्या सुविधांना आजचे रूप का आले आणि त्याच्या कुंपणालगत राहणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, या तिन्ही गोष्टी या एका वस्तुस्थितीपासून उलगडत जातात. सुमारे ३,४५० मीटर लांबीची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम पसरलेली आहे, तर सुमारे २,८७० मीटर लांबीची दुय्यम धावपट्टी तिला तिरकी छेदते, आणि म्हणून एकीवर विमान असताना दुसरी मोकळी असूनही बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते. धावपट्टीच्या टोकाशी रंगवलेला आकडा हा होकायंत्रातील दिशेचे अंश दहाने भागून आलेला असतो; पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाला मुख्य धावपट्टी ‘२७’ या क्रमांकाने ठाऊक असते, तर पूर्वेकडे तोंड करणाऱ्याला तीच ‘०९’ असते. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते आणि उडतेही तसेच, आणि मुंबईत वारा वर्षाचा बराच काळ समुद्राकडून येत असल्यामुळे घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्त्यांवरून उतरायचे आणि जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे झेपावायचे, हा इथला नित्यक्रम आहे.

प्रस्तुत लेखकाचे बहुतेक आयुष्य विलेपार्ले पूर्वेच्या ज्या भागात गेले, तिथे हा क्रम बदलला की तो कोणी सांगावा लागत नाही. मुख्य धावपट्टी देखभालीसाठी बंद ठेवली की वाहतूक दुय्यम धावपट्टीवर वळते आणि ज्या गल्लीत एरवी दूरची घरघर ऐकू येते तिथे खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात. शाळेच्या वर्गात शिक्षक अशा वेळी वाक्य अर्ध्यावर थांबवत आणि विमान गेल्यावर नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. घरी पाहुणे आले की यजमान आणि मुले बोलता बोलता सहज थांबत आणि नवख्या पाहुण्यालाच काय घडले ते कळत नसे. या परिसरातील माणसांनी विमानतळ आधी कानांनी ओळखला, डोळ्यांनी नंतर, आणि त्याच्या आत प्रवासी म्हणून पाऊल टाकण्याची वेळ तर अनेकांच्या आयुष्यात फार उशिरा आली.

विमानतळ मुळात शहराबाहेर होता, हे आज खरे वाटत नाही. मुंबईच्या नागरी विमानवाहतुकीचा आरंभ जुहूच्या १९२८ मधील धावपट्टीवर झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे उतरले ते तिथेच. सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा तळ होती. युद्धानंतर ती नागरी वापरात आली आणि ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले तेव्हापासून शहराला आंतरराष्ट्रीय विमानतळ लाभला असे म्हणता येते. जुहू आणि सांताक्रूझ इतके जवळ आणि त्यांच्या धावपट्ट्यांची दिशा इतकी सारखी की १९५३ मध्ये एक कॉमेट जेट आणि १९७२ मध्ये एक परदेशी डीसी-८ जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. सुदैवाने दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही, परंतु घरे, समुद्र आणि दोन विमानतळ किती थोड्या जागेत दाटले होते याचा याहून बोलका पुरावा नसावा.

सांताक्रूझला १९५८ मध्ये नवी इमारत झाली. आखाती देशांत कामासाठी जाणाऱ्यांची संख्या सत्तरच्या दशकात वाढत गेली आणि इमारत अपुरी पडू लागली. सप्टेंबर १९७९ मध्ये तिथे आग लागून तिघे प्रवासी दगावले, त्यानंतर ‘गल्फ टर्मिनल’ या नावाची तात्पुरती सोय उभी राहिली आणि १९८१ मध्ये सहार इथे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले. एकाच धावपट्टीच्या दोन बाजूंना दोन टर्मिनल आणि त्यांच्यामध्ये शहराच्या रस्त्यांवरून कित्येक मिनिटांचा फेरा, अशी ही रचना होती. नाव १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बदलले तरी पार्ले-अंधेरीतले जुने रिक्षावाले आजही ‘सहार’ आणि ‘सांताक्रूझ’ असेच विचारतात.

सहारच्या जुन्या टर्मिनलबाहेरची रात्र ज्यांनी अनुभवली, त्यांना तिचे दोन चेहरे आठवतात. परदेशी उड्डाणे मध्यरात्रीनंतर अधिक असत, कारण युरोप आणि आखातातील सोयीच्या वेळांशी त्यांची सांगड घातलेली असे. अशा वेळी एका बाजूला खेड, चिपळूण, रत्नागिरी या भागांतून जीप ठरवून आलेली कुटुंबे पथारी पसरून बसलेली असत. कुवेत, दुबई किंवा मस्कतला निघालेला तरुण मध्ये, त्याच्याभोवती आई, चुलते, लहान भावंडे आणि दोरीने आवळून बांधलेली खोकी. लिहिता-वाचता फारसे न येणाऱ्या कामगारांच्या पारपत्रावर परदेशी नोकरीपूर्वी सरकारी तपासणी आवश्यक असल्याची नोंद असे, आणि ती मंजुरी देणारा शिक्का बरोबर आहे की नाही हे कोणाकडून तरी पुन्हा वाचून घेण्याची त्यांची धडपड पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही. दुसऱ्या बाजूला मुलाला अमेरिकेला निरोप देणारे आईवडील, शेवटच्या क्षणापर्यंत चकलीच्या भाजणीची पिशवी कुठल्या बॅगेत बसेल याची चर्चा करणारे. दोन्ही कुटुंबांना एकाच काचेच्या दरवाजापाशी थांबावे लागे, कारण प्रवास न करणाऱ्याला आत प्रवेश नव्हता, आणि बाहेर बसायला पुरेसे बाक किंवा वापरण्याजोगी स्वच्छतागृहे नव्हती. विमानतळाच्या सुविधांविषयीची चर्चा नेहमी प्रवाशापुरती होते. पोहोचवायला आलेल्यांचा विचार तिच्यात बसत नाही, आणि भारतासारख्या देशात प्रवाशाबरोबर चार-पाच माणसे येणे ही सर्वसाधारण गोष्ट असताना ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

वाढीचा खरा पेच जमिनीचा आहे. विमानतळाचे क्षेत्र सुमारे १,८५० एकर आहे, तर दिल्लीच्या विमानतळाकडे ५,१०० एकरांच्या आसपास जागा आहे, आणि मुंबईच्या जागेतीलही मोठा भाग झोपडवस्त्यांनी व्यापलेला आहे. रुंदीत वाढता येत नाही तेव्हा वेळेत वाढावे लागते, आणि मुंबईने नेमके तेच केले. धावपट्टीवरून वेगात असतानाच तिरके बाहेर पडता यावे असे मार्ग बांधले गेले, त्यांना जलद निर्गमन टॅक्सी-वे म्हणतात. उतरलेले विमान काही सेकंद आधी बाजूला झाले की मागच्याला जागा मिळते. सुमारे ८४ मीटर उंचीचा नवा नियंत्रण मनोरा २०१३ मध्ये उभा राहिला. अशा सेकंदा-सेकंदाच्या बचतीतून गर्दीच्या एका तासात ४६ उड्डाणे-अवतरणे हाताळण्यापर्यंत मजल गेली, आणि २०१८ पासून एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाल्याचे विक्रम इथे नोंदले गेले. हवाई नियंत्रकांचे हे कौशल्य खरोखर अभिमानास्पद आहे. पण ज्या व्यवस्थेत श्वास घ्यायलाही जागा राहत नाही तिथे एक चूक किंवा एक मुसळधार पाऊस पुरतो: १ जुलै २०१९ च्या रात्री एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे चिखलात रुतले आणि ती धावपट्टी जवळपास चार दिवस बंद राहिली. त्या दिवसांत पार्ल्यातील खिडक्या पुन्हा थरथरत होत्या आणि देशभरातील वेळापत्रके कोलमडली होती. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांतील विमानांची संख्या थोडी कमी करण्यात आली, आणि आकाशात घिरट्या घालत ताटकळणाऱ्या प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय आधीच व्हायला हवा होता.

विमानतळाचे व्यवस्थापन २००६ मध्ये खासगी भागीदारीकडे गेले. सहारचे जुने टर्मिनल चालू ठेवूनच त्याच्या जागी नवे बांधायचे ठरले, म्हणजे एक भाग पाडायचा, तिथे नवे उभारायचे आणि प्रवाशांना पत्र्यांच्या आडोशांमधून वळवत राहायचे. काही वर्षे प्रत्येक खेपेस वाट वेगळी असे. दुसरे टर्मिनल, ज्याला सर्वजण ‘टी-टू’ म्हणतात, त्याचे उद्घाटन १० जानेवारी २०१४ रोजी झाले आणि पुढच्या महिन्यात वाहतूक सुरू झाली. त्याच सुमारास पश्चिम द्रुतगती महामार्गावरून थेट टर्मिनलपर्यंत नेणारा सुमारे दोन किलोमीटरचा उन्नत मार्गही खुला झाला. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेने आखलेल्या या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावरून निघायचे आणि खालच्या मजल्यावरून बाहेर पडायचे, अशी उभी विभागणी आहे, जी जमीन अपुरी असण्याचेच फलित आहे. तीस प्रचंड खांब वर जाताना छत्रीसारखे उमलत छताला मिळतात आणि छतातील खोलगट चौकटींत बसवलेल्या रंगीत काचांमधून मोरपिसाची आठवण करून देणारा उजेड खाली झिरपतो. इमारतीच्या आत राजीव सेठी यांनी रचलेले ‘जय हे’ हे कलासंग्रहालय सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या भिंतीवर पसरले आहे. लाकडी कोरीव दरवाजे, मुखवटे, देवळांतील तोरणे, गावोगावच्या कारागिरांची कामे अशा पाच हजारांहून अधिक वस्तू तिच्यात आहेत. दुःख इतकेच की ही भिंत पाहण्याचा हक्क तिकिटाने मिळतो आणि ज्याला तिकीट आहे त्याला बहुधा वेळ नसतो.

या भव्यतेत सर्वात उपयोगी ठरलेली सोय मात्र साधी आहे, आणि ती म्हणजे चाकाची खुर्ची. प्रस्तुत लेखकाने आपल्या वृद्ध आईला परदेशातील बहिणीकडे पाठवले तेव्हा आई रोज फिरायला जात असे, गुडघे ठणठणीत होते, तरी विमान कंपनीकडे खुर्चीची मागणी केली होती. कारण अडचण चालण्याची नव्हती, तर फलक वाचण्याची, अधिकाऱ्याचे इंग्रजी प्रश्न समजण्याची आणि इतक्या लांब दालनांत हरवण्याच्या भीतीची होती. खुर्ची ढकलणारा तरुण साताऱ्याकडचा निघाला. त्याने ‘आजी, घाबरू नका, दारापर्यंत सोडतो’ म्हटले आणि पारपत्र तपासणीपासून एरोब्रिजपर्यंत, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दाराला भिडणाऱ्या पुलापर्यंत, तो दुभाष्याचे कामही करत गेला. नियमाच्या भाषेत ही शारीरिक साहाय्याची सेवा आहे, पण मराठी मुलुखातून मुलांकडे जाणाऱ्या हजारो आईवडिलांच्या दृष्टीने ती सोबतीची सेवा आहे. चेहऱ्यावरून ओळख पटवणारी डिजियात्रा सवय असलेल्यांचा वेळ नक्कीच वाचवते. सोबतीची ही गरज तिने भागत नाही, आणि पुढच्या विस्तारात यंत्रांइतकाच खर्च अशा माणसांवर, त्यांच्या वेतनावर आणि प्रशिक्षणावर झाला पाहिजे.

कुंपणाबाहेरचे चित्र अधिक कठोर आहे. सहार हे नाव ज्या गावाचे, ते ईस्ट इंडियन समाजाचे जुने गावठाण अजून टर्मिनलच्या बाजूला दाटीवाटीने उभे आहे. मराठीचीच एक बोली बोलणाऱ्या या मूळ रहिवाशांची भातशेते विमानतळाखाली गेली. विहार तलावाकडून येणारी मिठी नदी धावपट्टीजवळ वळवली आणि आवळली गेली, तिचा काही भाग तर धावपट्टीच्या खालून वाहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा नदीने आपली जागा परत मागितली, कुर्ला आणि कलिना पाण्याखाली गेले आणि विमानतळही बंद पडला. विमानतळाच्या जमिनीवरील हजारो झोपड्यांचे पुनर्वसन दीर्घकाळ रेंगाळले आहे. त्यांतील अनेक घरांतली माणसे याच टर्मिनलमध्ये सफाई करतात, सामान चढवतात.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात मुंबईतून साडेपाच कोटींच्या घरात प्रवाशांची ये-जा झाली, आणि दुसऱ्या विमानतळाची गरज वादातीत ठरली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाच्या आराखड्यात प्रत्येकी ३,७०० मीटरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना न छेदता समांतर ठेवल्या आहेत, म्हणजे मुंबईचे मूळ दुखणे तिथे आखणीतच टाळले आहे. पहिल्या टप्प्यात एकच धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदी वळवली गेली आणि दहा वस्त्यांना उठावे लागले. पण इथे भूमिपुत्रांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याचे ठरले, यामागे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये रक्त सांडून लढला गेलेला शेतकऱ्यांचा लढा आहे, आणि विमानतळाला त्यांचे नाव मिळावे यासाठी आगरी-कोळी समाज रस्त्यावर उतरला तोही याच जाणिवेतून. रत्नागिरीहून निघालेली गाडी आता पनवेलच्या पलीकडे मुंबईच्या कोंडीत न शिरता विमानतळावर पोहोचू शकते. ज्याचे एक विमान नवी मुंबईला उतरते आणि दुसरे सहारहून सुटते, त्याची स्थिती अजून अवघड आहे: भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सहारच्या टर्मिनलपर्यंत आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत गेली, पण दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो आठ ही मार्गिका अजून प्रस्तावितच आहे, आणि ती धावू लागेपर्यंत सामान, लहान मुले आणि वृद्ध माणसे घेऊन खाडीपूल ओलांडण्याचा हा प्रवास रस्त्यानेच करावा लागेल.