रात्रीच्या श्वासाची तरतूद

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे घोरणे हा आपल्याकडे बहुधा थट्टेचा विषय असतो. लग्नघरी पाहुणेमंडळी एका खोलीत झोपली, की सकाळच्या चहाबरोबर कोण किती घोरले याची चर्चा होते आणि हसण्यावारी जाते. परंतु वाचकहो, तो आवाज एकाएकी थांबतो, खोलीत विलक्षण शांतता पसरते आणि थोड्या वेळाने मोठा आचका बसून तो पुन्हा सुरू होतो, ती मधली शांतता आपण कधी कान देऊन ऐकली आहे काय? माझ्या यजमानांच्या बाबतीत ती मी अनेक वर्षे ऐकली. त्या शांततेत श्वास थांबलेला असतो.

या व्याधीला वैद्यकशास्त्रात स्लीप अ‍ॅप्निया असे नाव आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो आणि छाती धडपडत असूनही हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास असा अडला, तर तो एक खंड मोजतात. तासाला तीसहून अधिक खंड पडू लागले म्हणजे व्याधी तीव्र समजतात. प्रत्येक खंडाबरोबर रक्तातील प्राणवायू घटतो, हृदयावर ताण येतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. बिचाऱ्याला सकाळी यातले काही आठवत नाही. त्याला एवढेच जाणवते, की आठ तास झोपूनही आपण थकलेलेच आहोत. मग तो वर्तमानपत्र वाचता वाचता पेंगतो, बोलता बोलता डोळे मिटतो, आणि कधी कधी मोटार चालविताना त्याला डुलकी लागते. ही शेवटची गोष्ट किती भयंकर ठरू शकते, हे सांगावयास नकोच.

पूर्वी या व्याधीच्या तीव्र रुग्णांवर गळ्याला छिद्र पाडून नळी बसविण्याची शस्त्रक्रिया करीत. १९८० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी निराळा मार्ग शोधला. नाकावाटे मंद दाबाने हवा सतत आत सोडली, तर मिटू पाहणारा श्वासमार्ग त्या हवेच्याच आधाराने उघडा राहील, ही त्यांची कल्पना. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. आज घरोघरी उशाशी दिसणारे ‘सीपॅप’ यंत्र हे त्याच कल्पनेचे फळ होय. एक लहानसा पंखा, एक नळी आणि तोंडावर बसणारा मुखवटा, एवढाच त्याचा संसार. पण तो संसार सर्वस्वी विजेवर चालतो, आणि आजच्या लेखाचा विषय नेमका तोच आहे.

आमचे घर रायपूरच्या गुढियारी भागात, रेल्वे स्थानकाच्या पलीकडच्या अंगाला आहे. १९५६ सालापर्यंत रायपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती. त्या काळी माझे आजेसासरे नोकरीनिमित्त वऱ्हाडातून इकडे आले आणि कुटुंब येथेच रुजले. दाट वस्ती, दुकाने, गोदामे, अरुंद गल्ल्या आणि डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे, असा हा परिसर आहे. माणसे मनमिळाऊ आहेत. उन्हाळा मात्र कठोर. वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि संध्याकाळी वावटळ सुटली की तारा एकमेकींवर आपटतात.

यंत्र घरी आले त्या पहिल्या महिन्यातच यजमानांचा चेहरा पालटला. दुपारची पेंग गेली, चिडचिड गेली, सकाळी ते आपण होऊन फिरावयास जाऊ लागले. मला तर कित्येक वर्षांनी निर्धास्त झोप मिळाली. असे सारे सुरळीत चालले असता, एके रात्री वादळ झाले आणि दीडच्या सुमारास वीज गेली. यंत्राचा मंद सूर थांबला. यजमान दचकून उठले आणि त्यांनी मुखवटा ओढून काढला. उकाड्याने हैराण होऊन ते थोड्या वेळाने तसेच आडवे झाले. पुन्हा तेच घोरणे आणि तीच जीवघेणी शांतता सुरू झाली. मी हातपंख्याने वारा घालीत उजाडेपर्यंत त्यांचे श्वास मोजीत बसले. वीज आली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते.

ती एक रात्र निभावली, हे खरे. परंतु खरे नुकसान पुढे झाले. त्या उन्हाळ्यात असे चार-पाच वेळा घडले आणि यजमानांचा यंत्रावरचा विश्वासच उडाला. ‘‘अगं, ऐन वेळी दगा देणारी वस्तू तोंडाला बांधून कशाला झोपायचे?’’ असे म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिले. मुखवटा बांधून झोपणे सुखाचे नसतेच; ते सोडून देण्यास माणसाला निमित्त हवे असते, आणि वीज ते निमित्त आयतेच पुरविते. पुढे चैत्रातील हळदीकुंकवाला मी हा विषय काढला, तेव्हा आणखी दोघीजणी हळूच म्हणाल्या, ‘‘काकू, आमच्याकडचेही कपाटातच आहे हो!’’ वीज गेल्याने बिघडणारी एक रात्र भरून निघते. तिच्यामुळे उपचारच सुटला, तर मात्र पुढची सारी वर्षे बिघडतात. म्हणून मी या प्रश्नाचा छडा लावण्याचे ठरविले.

आपण म्हणाल, छत्तीसगड तर विजेचे माहेरघर! ते अगदी खरे आहे. येथून सुमारे २०० किलोमीटरवर असलेल्या कोरब्याच्या एकट्या एनटीपीसी केंद्राची क्षमता २,६०० मेगावॅट आहे. परंतु कोरब्याची वीज आमच्या उशापर्यंत पोहोचते ती अनेक उपकेंद्रांतून, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि खांबावरून घरात येणाऱ्या एका बारीक तारेतून. यांतला कोणताही एक दुवा तुटला, तरी मागची हजारो मेगावॅट आपल्या उपयोगी पडत नाहीत. ५ एप्रिल २०२४ रोजी याच गुढियारी भागात वीज वितरण कंपनीच्या भांडाराला भीषण आग लागली. तेथे साठविलेले ट्रान्सफॉर्मर तेलासह पेटले, धुराचे लोट दूरवरून दिसले आणि आसपासच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. मुंबईसारख्या महानगरातही १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. सांगावयाचे तात्पर्य इतकेच, की अखंड वीजपुरवठ्याची हमी कोणत्याच गावाला देता येत नाही. ज्याचा श्वास विजेवर अवलंबून आहे, त्याच्या रात्रीची तरतूद घरातच असावी लागते.

ही तरतूद म्हणजे मोठा खर्च, अशी माझीही समजूत होती. दुकानदाराने घरभर पुरेल असा मोठा इन्व्हर्टर सुचविला. आमच्या गल्लीतील वीजतंत्री मात्र शहाणा निघाला. त्याने सांगितले, ‘‘काकी, आधी यंत्र खाते किती ते मोजू, मग ताट वाढू.’’ गृहिणीला पटेल असाच हा सल्ला होता. तेव्हा वाचक भगिनींनो, तो हिशेब आपणही करून पाहा.

यंत्राच्या अडॅप्टरवर लिहिलेला वॅटचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो. मध्यम दाबावर यंत्राचा पंखा साधारणतः १० ते २० वॅट एवढीच वीज घेतो. खरा खादाड असतो तो हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर आणि त्याची तापणारी नळी. ही दोन्ही चालू असली, तर खर्च ५० ते ६० वॅटपर्यंत आणि थंडीत त्याहूनही वर जातो. आठ तासांच्या रात्रीसाठी १५ वॅटच्या हिशेबाने १२० वॅट-तास लागतात. ५५ वॅटच्या हिशेबाने ४४०. म्हणजे वीज गेली असता केवळ ओलावा बंद केल्याने तीच बॅटरी तिप्पट-चौपट वेळ पुरते. घसा थोडा कोरडा पडेल. पण श्वास चालू राहील.

आता बॅटरीकडे वळू. घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची असते. परंतु शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वरचेवर काढली, तर तिचे आयुष्य घटते. म्हणून ९०० धरावे. त्यातून इन्व्हर्टर स्वतःसाठी साधारण चतुर्थांश घेतो असे मानले, तर हाती सुमारे ६७५ उरतात. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॅटचा, म्हणजे आठ तासांचे झाले ६००. पाहा, रुग्णाच्या यंत्रापेक्षा पंख्याचीच भूक पाचपट! रायपूरच्या उन्हाळ्यात पंखा तर हवाच. आम्ही झोपण्याच्या खोलीत ३० वॅटच्या आसपास चालणारा नव्या पद्धतीचा पंखा बसविला. त्याला रात्रीस २४० पुरतात. यंत्राचे १२० मिळवून एकूण ३६० झाले. पूर्वीचाच इन्व्हर्टर आता रात्रभर पुरून उरतो. नवी खरेदी एका पंख्याचीच झाली.

इन्व्हर्टर घेताना तो शुद्ध ‘साइन वेव्ह’ प्रकारचा असावा. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर काही यंत्रे नीट चालत नाहीत. ज्या घरी इन्व्हर्टर नाही, त्यांनी केवळ यंत्रापुरती लहान लिथियम बॅटरी घ्यावी. कित्येक यंत्रे मुळात १२ किंवा २४ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. योग्य जोडणी मिळाल्यास त्यांना बॅटरी थेट लावता येते आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वाचते. मात्र व्होल्टचा आकडा आणि जोडणी यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी. येथे अंदाजाने काम करू नये. शिशाच्या बॅटरीला हवेशीर जागा द्यावी, कारण ती भरताना हायड्रोजन वायू निघतो, आणि तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे. पेट्रोलचा जनित्र संच घरात किंवा खिडकीजवळ कदापि चालवू नये; त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधी देत नाही.

कधी सारेच उपाय थकले, तर घाबरून जाऊ नये. नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मुखवट्यात यंत्र थांबताच बाहेरची हवा आत येऊ देणारी झडप असते. नाकावरच्या मुखवट्यात तोंड मोकळे असते. तरीही बंद यंत्राचा मुखवटा चढवून झोपू नये; तो काढावा. रुग्णाने कुशीवर झोपावे, उशाकडची बाजू उंच करावी. त्या रात्री मद्य किंवा झोपेची गोळी घेतलेली नसावी, आणि दुसऱ्या दिवशी पेंग येत असेल तर वाहन हाती घेऊ नये. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजारही आहे, त्यांनी अशा रात्री काय करावे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात विजेवर जीव अवलंबून असलेल्या ग्राहकांची नोंद वीज कंपन्या ठेवतात. इंग्लंडमध्येही अशी नोंदवही आहे आणि नियोजित खंडाची सूचना त्या घरांना आधी मिळते. आपल्याकडे २०२० सालच्या वीज ग्राहक हक्क नियमांनी चोवीस तास पुरवठ्याचे तत्त्व मान्य केले आहे. अशी नोंदवही आपल्या गावोगावी व्हावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तोपर्यंत शेजाऱ्यांना आणि विभागाच्या वीज कार्यालयाला आपल्या घरी असे यंत्र असल्याचे आपणच कळवून ठेवावे. यंत्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही ‘‘तुमच्याकडे वीज कितीदा जाते?’’ हा एक प्रश्न विचारला, तर पुष्कळ यंत्रे कपाटात जाण्यापासून वाचतील.

यजमानांना ही सारी आकडेमोड मी कागदावर मांडून दाखविली. ते जन्मभर हिशेबाचे काम केलेले गृहस्थ. उपदेशाने न वळलेले मन आकड्यांनी वळले. ‘‘बरे, एकदा परीक्षा घेऊन पाहू,’’ असे म्हणून एका रविवारी त्यांनी स्वतःच मुख्य कळ बंद केली आणि यंत्र लावून झोपले. सकाळपर्यंत ते चालले. तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही अशी तालीम घेतो, कारण बॅटरी जुनी होत जाते आणि तिची ताकद सांगून कमी होत नाही.

वाचकहो, आपल्या घरी, माहेरी किंवा शेजारी असे यंत्र असेल, तर ते आज रात्री लागणार आहे की कपाटात आहे, एवढे आधी विचारा. कपाटात असेल, तर रागावू नका, कारण विचारा. ते विजेचे निघाले, तर वर दिलेला हिशेब एका कागदावर करा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्यासाठी फारसे गणितही लागत नाही.