बाबांची वही आणि हाय-फ्लो फिल्टर

दोन वर्षांपूर्वी बाबांनी साताऱ्याहून गाडी आणून माझ्या ताब्यात दिली. पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, 2013 ची, 78 हजार किलोमीटर झालेली. सोबत दोन किल्ल्या, कागदपत्रं आणि एक दोनशे पानी वही. पहिल्या दिवसापासून किती पेट्रोल भरलं, किती किलोमीटर झाले, ऑइल कधी बदललं, सगळं तिच्यात. "गाडी तुझी, पण वही बंद करायची नाही," एवढी एकच अट.

मी मेकॅनिकल केलंय आणि पोटासाठी जावा लिहितो. माझ्यासारख्यांच्या हातात गाडी आली की कॉलेजात अर्धवट राहिलेली हौस उफाळून येते. तिसऱ्याच महिन्यात अॅक्सेसरीजच्या एका दुकानात 4,800 रुपये मोजून मी हाय-फ्लो एअर फिल्टर घेतला. मूळचा कागदी फिल्टर 300 रुपयांचा. दुकानदार म्हणाला, "सर, पिकअप वाढेल, अॅव्हरेज वाढेल, आणि परत कधी फिल्टर घ्यायला नको. धुवा, तेल मारा, वापरा." मी मान डोलावली. आयसी इंजिन्सच्या पेपरला 61 मार्क मिळालेला माणूस मी!

बसवल्यावर पहिल्याच सिग्नलला वाटलं, वा! आवाज बदलला होता. अॅक्सिलरेटर दाबला की पुढून एक घुमणारा, भरदार आवाज यायचा. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले.

पिकअपचं नंतर बघू, आधी अॅव्हरेज. वही होतीच, ती एक्सेलमध्ये टाकली (सवय!). आधीच्या वर्षभराचं अॅव्हरेज 15.8 ते 16.2. फिल्टर बदलल्यानंतरच्या आठ महिन्यांचं 15.6 ते 16.3. म्हणजे शून्य. पहिल्या महिन्यात तर जरा घसरलंच होतं, कारण आवाज ऐकायला मी उगाच पाय दाबायचो.

तेव्हा कुठे डोकं चालवलं. हल्लीच्या पेट्रोल गाडीत एक लिटर पेट्रोल जाळायला 9-10 हजार लिटर हवा लागते. हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण साधारण 14.7 ला 1, आणि एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ईसीयू ते सतत सांभाळतो. हवा जास्त गेली तर तो पेट्रोलही जास्त सोडणार. मग अॅव्हरेज वाढणार कुठून? अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून हे तपासलं होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर घाण असला तरी अॅव्हरेज जवळपास तेवढंच राहिलं, फरक पडला तो पिकअपमध्ये. घाण फिल्टरनेही अॅव्हरेज पडत नसेल, तर स्वच्छ कागदी काढून दुसरा लावल्याने काय वाढणार?

आता पिकअप. 1200 सीसीचं इंजिन 6000 आरपीएमला, पाय पूर्ण दाबलेला असताना, मिनिटाला 3000 लिटरच्या आसपास हवा ओढतं. कंपनीचा फिल्टर ह्या हिशोबाने, वर धूळ बसायलाही जागा ठेवून बनवलेला असतो. आणि मी गाडी चालवतो कुठे? वाकड ते हिंजवडी. भूमकर चौकात दुसऱ्या गिअरवर रांगताना इंजिन 400 लिटरसुद्धा ओढत नसेल. तिथे हवा अडवतो तो थ्रॉटल, माझ्याच पायाने जवळपास बंद ठेवलेला. अर्धवट उघडलेल्या नळामागे मोठा पाइप जोडण्यातला हा प्रकार! पूर्ण थ्रॉटल मी देतो ते खंबाटकी चढताना, सहा आठवड्यांतून एकदा. तिथे एखाद-दोन टक्के फरक पडला असेलही. पण एसी बंद केला तर त्याहून जास्त पडतो.

ह्या फिल्टरचं मूळ शर्यतींत आहे. तेल लावलेल्या कापडी जाळीचे फिल्टर के अँड एनने गाजवले. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड ह्या कॅलिफोर्नियातल्या दोघांच्या नावांवरून ते नाव आलं. (माझा फिल्टर त्यांचा नव्हता, कुणाचा ते सोडा.) शर्यतीत एक टक्काही मोलाचा, आणि ते इंजिन काही दीड लाख किलोमीटर चालवायचं नसतं. ट्यूनिंग केलेल्या टर्बो गाड्यांनाही तो उपयोगी पडतो. ओपन कोन फिल्टर मात्र मला कधीच पटला नाही. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. 30 अंशांची हवा 60 ला गेली की 9 टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे कमावलं त्याहून जास्त गमावलं.

हे सगळं गणित झालं. गणिताने मी फिल्टर काढला असता का? नाही. पैसे गेले होते, आवाज आवडत होता.

मार्चमध्ये साताऱ्याला गेलो, तेव्हा बाबांनी गाडी त्यांच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री मला शाळेत असल्यापासून ओळखतात. त्यांनी फिल्टरचा डबा उघडला आणि म्हणाले, "हे काय बसवलंयस रे?" मी हाय-फ्लो वगैरे सांगायला लागलो. त्यांनी काही न बोलता फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा पाइप काढला, बोटाला पांढरं फडकं गुंडाळलं आणि आतून फिरवलं. फडक्यावर तेलकट, तपकिरी पट्टा आला. ही फिल्टरनंतरची बाजू, जिथे काहीच असायला नको.

दोष सगळा फिल्टरचा नव्हता. एका बाजूला त्याची रबरी कड डब्यात नीट बसलीच नव्हती, धुळीची रेघ तिथून स्पष्ट दिसत होती. आणि मध्ये एकदा धुतल्यावर लाल तेल मी अंदाजाने, म्हणजे भरपूर मारलं होतं. तेल कमी पडलं तर धूळ जाते. जास्त झालं तर तेलच पुढे जातं, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं. 'आयुष्यभराच्या' फिल्टरची ही बाजू दुकानात कुणी सांगत नाही. कागदाला असली मेहनत लागत नाही, उलट वर थोडी धूळ बसली की तो आणखी बारीक गाळतो.

फिल्टर तपासायची आयएसओ 5011 नावाची चाचणी आहे, तिच्यात मोजून धूळ सोडतात आणि किती अडली ते बघतात. समजा एक फिल्टर 99 टक्के अडवतो, दुसरा 97. ऐकायला दोनाचा फरक, पण इंजिनात जाणारी धूळ एक आणि तीन, म्हणजे तिप्पट. मेट्रोच्या कामांच्या धुळीतून मी आठ महिने रोज गेलो होतो. ही धूळ म्हणजे बरीचशी सिलिका. रिंगा आणि सिलिंडरच्या मधल्या ऑइलच्या थराइतके तिचे कण असतात, आणि ते पॉलिश पेपरसारखे घासत राहतात.

मिस्त्रींनी डिपस्टिक काढली. ऑइल खालच्या खुणेच्या जरा वर. बाबांनी लगेच वही मागितली. मागच्या नऊ वर्षांत दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल टॉप-अप केल्याची एकही नोंद नव्हती. ते फिल्टरमुळेच झालं असं मला सिद्ध करता येणार नाही. जुनी गाडी आहे, माझा उजवा पायही नवीन होता. पण नाही असंही म्हणता येत नाही.

बाबा वहीची माझ्या अक्षरातली पानं उलटत राहिले. पेट्रोल, किलोमीटर, टायरची हवा, सगळं होतं. एअर फिल्टर बदलल्याची नोंद मात्र मी केली नव्हती. विसरलो नव्हतो, केली नव्हती.

"कधी बसवलास?" त्यांनी विचारलं.

"जुलैत."

खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. जुलैच्या पानावर, दोन पेट्रोलच्या ओळींच्या मध्ये, जागा नव्हती तिथे बारीक अक्षरात मी लिहिलं. खाली आजच्या तारखेला त्यांनी लिहिलं: एअर फिल्टर, कागदी, 310 रु. ऑइल अर्धा लिटर.

फिल्टर अजून माळ्यावर आहे. ऑइल मी आता दर पंधरा दिवसांनी बघतो, आणि लिहितो.